जबाबात न आलेला फणस

फौजेत अठ्ठावीस वर्षं काढली असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "मग गोळ्या किती झाडल्या?" झाडल्या ना. वर्षातून एकदा चांदमारीला, पुठ्ठ्याच्या माणसावर, आणि तो पुठ्ठ्याचा माणूसही बहुतेक वेळा सुखरूप राहायचा. बाकी सगळी नोकरी मी टाईपरायटरवर काढली. मी कायदा शाखेतला कारकून. शिपाई म्हणून लागलो, सुभेदार होऊन निवृत्त झालो आणि आता मालवणात घराच्या पडवीत बसून एका दिवाळी अंकाच्या संपादकांच्या आग्रहाखातर हे लिहितो आहे. त्यांना लढाईचं काहीतरी हवं होतं. माझ्याकडे लढाई नाही, एक फणस आहे.

फौजेचं कोर्ट वेगळं असतं हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. जवानाने चोरी केली, मारामारी केली, वरिष्ठावर हात टाकला, तर खटला उभा राहण्याआधी एक पायरी असते. तिला पुराव्याचा सारांश म्हणतात. एक अधिकारी टेबलामागे बसतो, आरोपी समोर बसतो, साक्षीदार एकेक करून येतात. आरोपीला साक्षीदाराला प्रश्न विचारता येतात. सगळं इंग्रजीत लिहिलं जातं. साक्षीदाराला इंग्रजी येत नसेल तर दुभाषा लागतो, आणि शेवटी तोच जबाब साक्षीदाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवून विचारायचं असतं, "काही बदलायचं आहे?" मग सही. टाईप करणं आणि दुभाषेपण ही दोन्ही कामं मी करायचो. मराठी, मालवणी, कोंकणी, हिंदुस्थानी आणि पोटापुरतं कन्नड मला येत होतं. एकाच्या रेशनमध्ये दोन माणसं, असं आमचे साहेब म्हणायचे.

दुभाषेपणाचा धडा मी नोकरीच्या सुरुवातीलाच घेतला. एका कोंकणी स्वयंपाक्याने हवालदाराला पातेलं फेकून मारलं होतं. त्याला विचारलं, मारलंस का? तो म्हणाला, मारलं, आणि परत समोर आला तर परत मारीन. मला त्याची दया आली. पोरगा तोंडाचा फाटका आहे, उगाच जास्तीची शिक्षा खाईल म्हणून मी पहिलं अर्धंच इंग्रजीत सांगितलं. माझं दुर्दैव असं की टेबलामागच्या साहेबांची आई कारवारची. त्यांनी मला बाहेर नेऊन जे झापलं ते मी जन्मभर विसरलो नाही. म्हणाले, "तू नळ आहेस. एका तोंडाने पाणी येतं, दुसऱ्या तोंडाने जातं. नळाने पाण्यात साखर घालायची नसते." तेव्हापासून मी नळ झालो. एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही. पुढे नवीन कारकून हाताखाली आले की मी त्यांनाही हेच ऐकवायचो, आणि खरं सांगतो, मला त्याचा भारी तोरा होता.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हाताखालच्या माणसाने गुन्हा केला तर साहेबाला शिक्षा होते का? सरसकट नाही. ज्याने मारलं तो मारण्याबद्दल जबाबदार. साहेबाला विचारतात ते एवढंच, की तुला कळलं तेव्हा तू काय केलंस. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशात सेनापतींवर खटले चालले, तेव्हा तिथल्या न्यायाधीशांनी याच्याही पुढे जाऊन विचारलं होतं, माहीत नव्हतं हे ठीक, पण माहीत असायला नको होतं का? आमच्या लष्करी कायद्यातलं कलम साधं आहे. तळाच्या प्रमुखाकडे तक्रार आली की तुझ्या माणसांनी कुणाला मारलं, छळलं, कुणाच्या जागेत घुसले, आणि त्या प्रमुखाने नाडलेल्या माणसाला भरपाई करून दिली नाही आणि वरही कळवलं नाही, तर तो स्वतः गुन्हेगार. म्हणजे सगळं अडून राहतं ते तक्रार आली की नाही यावर. आली असेल तर साहेब अडकला, नसेल तर सुटला.

सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. मालवणच्या अलीकडे, खाडीकाठच्या एका गावाच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, फौजेतल्या इंजिनिअरांची एक कंपनी तंबू ठोकून होती. खाडीवर तरता पूल बांधायचा, मोडायचा, पुन्हा बांधायचा, हा त्यांचा सराव. गावाचं नाव लिहीत नाही. गाव लहान आहे, माणसं हयात आहेत.

कंपनीचा प्रमुख एक मेजर होता. उत्तरेकडचा, पस्तिशीचा, हसतमुख. सकाळी जवानांबरोबर स्वतः पाण्यात उतरायचा. माणूस वाईट नव्हता. हे मुद्दाम लिहितो, कारण वाईट असता तर मी हे केव्हाच लिहून मोकळा झालो असतो.

सड्याच्या उतारावर गावाची बाव आहे. बाव म्हणजे विहीर. सकाळ-संध्याकाळ बायका पाण्याला येतात. कंपनीतल्या चार जवानांना त्या बावीची चटक लागली. आधी लांबून बघायचे, मग काठावर येऊन बसायला लागले, मग उघड्या अंगाने तिथेच आंघोळी, आचकट-विचकट बोलणं. एका मुलीची कळशी धरून ठेवली. बायका भर उन्हात दुपारी पाण्याला जायला लागल्या, तर हे दुपारीही हजर. आणि एके दिवशी त्याच चौघांनी भिकू नावाच्या माणसाला बावीवर धरून मारलं. फावड्याच्या दांड्याने त्याच्या उजव्या मनगटाचा चुरा केला.

भिकू पाडेली होता. माडावर चढून नारळ पाडणाऱ्याला आमच्याकडे पाडेली म्हणतात. गावातले निम्मे माड त्याच्या हाताखालचे. पाडेल्याला दोन हात आणि दोन पाय सारखेच लागतात, त्यातलं एक गेलं की तो जमिनीवरचा माणूस झाला.

त्या चौघांचं प्रकरण सरळ होतं. ओळख पटली, गुन्हा सिद्ध झाला, शिक्षा झाली, फौजेतून गेले. राहिला मेजर. गावात सगळे म्हणत होते की मारहाणीच्या चार दिवस आधी गावकर तळावर जाऊन आले होते. गावकर म्हणजे गावचे मानकरी, देवळात गाऱ्हाणं घालणारे, सत्तरीचे दाजी गावकर. ते तळावर गेले होते तर तक्रार आली होती, आणि तक्रार आली होती तर मेजर अडकला. भिकूच्या भरपाईचा मार्गही तिथूनच जात होता. तेवढं शोधायला एक कर्नल नेमले गेले, आणि त्यांच्याबरोबर मी. "आप तो वहीं के हो, साब," कर्नल म्हणाले. तेव्हा मी नायब सुभेदार होतो, आणि फौजेत त्या हुद्द्याला कर्नलही 'साब' म्हणतात.

पुण्याहून जीपने निघालो. घाट उतरून फोंड्याच्या बाजारात चहाला थांबलो, तिथे कर्नलनी विचारलं, "तुमची माणसं बोलायला कशी असतात?" मी म्हटलं, "एकदम सरळ, साहेब. जे असेल ते तोंडावर." हे मी का सांगितलं देव जाणे. गावाकडची माणसं सरळ असतात असं बाहेरच्याला सांगायची आपल्याला खोडच असते.

कामकाज गावच्या शाळेत चाललं. मे महिन्याची सुट्टी होती. कर्नल मास्तरांच्या खुर्चीवर, मी टाईपरायटर घेऊन बाजूला, आणि मेजर पहिलीच्या बाकावर. दुसरी बाकं नव्हती. एवढा उंच माणूस, गुडघे हनुवटीला टेकलेले, तरी पाठ ताठ ठेवून बसला होता.

पहिला हवालदार आला. मारहाणीच्या सकाळी त्या चौघांना बावीवर पाठवणारा हाच. का पाठवलं? तर मेजरसाहेबांचा हुकूम होता, गावाला पाण्याची टंचाई आहे, रोज सकाळी आपला पाण्याचा टँकर पाठवा. मग हेच चौघे का? हवालदार म्हणाला, "साहेब, यांना बावीची वाट ठाऊक होती." मी ते टाईप केलं. या चौघांना बायकांच्या बावीची वाट कशी काय ठाऊक, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला. कर्नलनी तो विचारला नाही. नळाने प्रश्न विचारायचे नसतात.

मग भिकू. हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात फडकं. टँकर आला तेव्हा तो बावीशेजारच्या माडावरून उतरत होता. त्या चौघांना बघून बायका कळश्या टाकून पळाल्या. तो त्यांना म्हणाला, पाणी ओता आणि जा. ते हसले. त्याने टँकरच्या नळीला हात घातला. पुढचं सांगून झालं.

कर्नलनी विचारलं, आणखी काही सांगायचं आहे? भिकू कर्नलकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाला, "माका मेजराचा काय नको. माका एकच सांगा. गावकार थंय जावन इलो होतो मां? मगे ते परत कित्याक इले?"

गावकर तिथे जाऊन आले होते ना, मग ते चौघे परत का आले. मी शब्द न शब्द इंग्रजीत सांगितला. कर्नल म्हणाले, साक्षीदाराने प्रश्न विचारायचे नसतात, हे लिहू नका. मी लिहिलं नाही.

आता पुढचं कळायला आमच्या त्या पट्ट्यातली एक रीत सांगावी लागेल. एका घरातल्या कुणी दुसऱ्याचं काही वाकडं केलं, तर त्या घराशी भांडायला कुणी जात नाही. वडीलधारा माणूस कोट-टोपी घालून, काहीतरी हातात घेऊन त्या घरी जातो. नारळ, केळ्यांचा घड, फणस, जे हंगामाचं असेल ते. बसतो. आंब्याचा बार कसा आहे, यंदा पाऊस कधी, असं इकडचं तिकडचं बोलतो. मुद्द्याचं अक्षर काढत नाही. मग घरच्या कर्त्याने विचारायचं, "आमचा काय चुकला?" पाहुणा म्हणतो, काय नाय, सहज इलंय. कर्त्याने पुन्हा विचारायचं. दुसऱ्यांदा विचारलं की पाहुणा सगळं सांगतो, आणि कर्ता तिथल्या तिथे आपल्या माणसाला बोलावून घेतो. विचारल्याशिवाय पाहुणा बोलत नाही. एखाद्याच्या दारात बसून, त्याने न विचारता त्याच्या माणसांची गाऱ्हाणी सांगणं म्हणजे त्याच्या कर्तेपणाचा अपमान. माझ्या वडिलांना हा प्रश्न विचारताना मी दोनदा पाहिलंय, त्यातलं एकदा माझ्याच पायी.

दाजी गावकर शाळेत आले ते कोट घालूनच. मला म्हणाले, "तुमी मालवणचे मां? बरां झाला." त्यांना सुटल्यासारखं वाटलं ते त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं. समजणारा माणूस भेटला, असं त्यांना वाटलं असणार.

कर्नलनी विचारलं, तुम्ही तळावर गेला होता?

"गेलंय तर. सोमवारी. कोट घालून गेलंय. बरको फणस घेवन गेलंय, घरच्या झाडाचो."

मी इंग्रजी करून सांगितलं. मेजरशी काय बोलणं झालं?

"मोडक्या हिंदीत आंब्याचा बोलणा झाला. पुलाचा झाला. मेजरान च्या दिल्यान. अर्दो तास बसलंय." दाजी पुढे म्हणाले, "उठताना मेजरान इचारल्यान, काय होया काय. मी म्हटलंय, बावीकडे जरा लक्ष आसूंदे."

मी ते इंग्रजीत सांगताच मेजर ताडकन म्हणाला, "येस सर! आणि दुसऱ्याच सकाळी मी टँकर सुरू केला."

बोलण्यात खोट नव्हती. त्याने म्हाताऱ्याला चहा पाजला होता, काही हवंय का विचारलं होतं, आणि बाव म्हणताच पाणी असा अर्थ लावून टँकर धाडला होता. काय हवंय हे त्याने विचारलं. काय चुकलं हे विचारायचं असतं हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

मी टाईप करायला घेतलं. 'साक्षीदार सोमवारी तळावर गेला. त्याने सोबत फणस...' इथे कर्नलनी हात वर केला. "फल छोड़ दो, साब. पॉइंट पे आओ." मी तो कागद काढला, नवा घातला, आणि लिहिलं, 'साक्षीदार सोमवारी तळावर गेला व कंपनी कमांडरशी गावच्या विहिरीसंबंधी बोलला.'

मग मेजरने आपला हक्क वापरला. एकच प्रश्न, सभ्यपणे. "बाबा, माझे जवान तुमच्या बायकांना त्रास देतात असं तुम्ही मला सांगितलंत का?"

मी तो प्रश्न मालवणीत केला. दाजींनी कोटाचं वरचं बटण लावलं. मग म्हणाले, "नाय. तसा मी सांगलंय नाय." बोलले मेजरला, पण बघत माझ्याकडे होते.

कर्नलही आता माझ्याकडे वळले. त्यांना थोडी शंका आली असावी. "साब, तुम्ही इथले. हा म्हातारा तक्रार करायला गेला होता की नुसता भेटायला?"

मला माहीत होतं. शाळेच्या त्या खोलीत दोनच माणसांना माहीत होतं, दाजींना आणि मला. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, दुभाषाने अर्थ सांगायचा नसतो. फक्त शब्द."

"करेक्ट," कर्नल म्हणाले, आणि पुढे गेले.

नियमाने मी बरोबर होतो. पण नियम तिथे संपत नाही, आणि हेही मला माहीत होतं. दुभाषाला स्वतःला काही माहीत असेल तर त्याने सांगावं, मला या कामातून मोकळं करा, दुसरा दुभाषा आणा आणि माझी साक्ष घ्या. स्थानिक रीत काय आहे यावर साक्ष देता येते. नव्या पोरांना हे शिकवणारा मीच. आणि नळाचं म्हणाल तर तोही मी पुरता नव्हतो. आलेलं सगळं पाणी पुढे जायला हवं होतं, फणस मी मधेच काढून ठेवला.

का बोललो नाही? सुभेदारीची बढती तोंडावर होती, हे एक. पण त्याहून खरं सांगायचं तर मला लाज वाटली. फोंड्याच्या बाजारात मी छाती काढून सांगितलं होतं की आमची माणसं सरळ बोलतात. आता दोन इंग्रजी बोलणाऱ्या साहेबांपुढे उभं राहून कसं सांगायचं, की साहेब, आमच्यात बायकांची अब्रू धोक्यात आली तर माणूस कोट घालून फणस घेऊन जातो आणि आंब्यावर बोलून परत येतो? ते हसतील असं मला वाटलं. कदाचित हसले नसते. मी विचारून पाहिलं नाही.

शेवटी जबाब वाचून दाखवायची वेळ आली. मी दाजींना तो मालवणीत वाचून दाखवला आणि नेहमीसारखं विचारलं, "काय बदलूचा आसा?" ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "फणसाचा खंय आसा?" मी म्हटलं, तां साहेबांनी नको सांगल्यानी. ते "बरां" म्हणाले आणि सही केली.

निकाल पंधरा दिवसांत आला. तक्रार आल्याचा पुरावा नाही, सबब मेजरवर आरोप ठेवता येत नाही. उलट गावकऱ्यांची गरज ओळखून तातडीने पाणी पुरवलं हे त्याच्या बाजूने नोंदलं गेलं. टँकरचं ते वाक्य मीच टाईप केलं, एकही चूक न करता. भिकूवर फौजेच्या दवाखान्यात उपचार झाले. हाड जुळलं, पण बोटं मिटेनात. तक्रारच नाही म्हटल्यावर भरपाईचा विषय निघाला नाही.

शाळेतून निघताना मेजरने माझा हात हातात घेऊन दाबला. "थँक यू, साब. आणि त्या बाबांनी आणलं होतं ते काय होतं हो? सगळ्या मेसने खाल्लं. इतकं गोड मी कधी खाल्लं नव्हतं."

मी म्हटलं, "फणस, साहेब. कटहल."

एवढंच म्हटलं. जीप निघाली.

पुढे मी सुभेदार झालो आणि यथावकाश निवृत्त होऊन मालवणात आलो. घराची डागडुजी करून घेतली. सकाळी मासळीबाजार, दुपारी झोप, संध्याकाळी धक्क्यावर फेरी. लोक अर्ज लिहून घ्यायला येतात, तेवढाच जुना सराव. त्या प्रकरणाचा मी रोज विचार करत होतो असं लिहिलं तर ते खोटं होईल. वर्षातून एकदा, फणस पिकायला लागले की आठवायचं, आणि मी फणस खाणं सोडून दिलं होतं. पोटाला सोसत नाही असं घरात सांगायचो.

गेल्या वैशाखात, सकाळी दहाच्या सुमारास बायको पडवीतून आत आली. म्हणाली, "भायर कोणतरी म्हातारे इलेहत. कोट घातलेलो आसा. फणस घेवन इलेहत."

बाहेर आलो. दाजी गावकरच. पाचेक वर्षांत पार वाळले होते. एवढा मोठा फणस घेऊन एस.टी.ने कसे आले कोण जाणे. तो पायरीवर ठेवला आणि आमच्या बाकावर बसले.

आंब्याचं बोलणं झालं. यंदा पाऊस लवकर असं म्हणतात, तेही झालं. नवा रस्ता, वेंगुर्ल्याकडच्या काजूचं कलम, सगळं झालं. बायकोने चहा आणला. मी त्यांच्या कपाकडे बघत होतो. चहा संपला की हे उठणार हे मला माहीत होतं. आयुष्यात इतके प्रश्न दुसऱ्यांच्या वतीने विचारले, पण हा एक तोंडातून निघता निघेना.

"दाजीनू," मी म्हटलं, "आमचा काय चुकला?"

"काय नाय रे. सहज इलंय."

"दाजीनू, आमचा काय चुकला?"

त्यांनी कप खाली ठेवला. "तू माका जबाब वाचून दाखवलं होतंस. इचारलं होतंस, काय बदलूचा आसा. मी तेवा बरां म्हटलंय. आता बदलूचा आसा."

मी त्यांना समजावलं. प्रकरण बंद झालं, फाईल कुठल्या कपाटात असेल ठाऊक नाही, आता कायद्याने त्याचा काही उपयोग नाही.

"कायद्याक नको. माका होयो. भिकूक दाखवूक होयो. तो अजून इचारता, तुमी जावन इल्लास तर ते परत कित्याक इले. इतकी वर्सां तेका जाब देवक माझ्याकडे काय नाय. भायर घेवन ये तुझा यंत्र."

मी टाईपरायटर बाहेर आणला. मराठीचा आहे, निवृत्तीनंतर घेतलेला. दाजी सांगत गेले, मी बडवत गेलो. त्यांनी सांगितलं तसंच्या तसं इथे देतो.

"मी गावचो गावकार. माझ्या गावच्या बायलांका त्रास होता तां माका आधी कळला होता. मी मेजराक तोंडान सांगलंय नाय. फणस घेवन गेलंय आनी फणस ठेवन परत इलंय. मेजर परको माणूस. आमची रीत तेका म्हायत नाय, ह्यां माका समजूक होया होता. मानान बसलंय, मानान उठलंय. भिकूचो हात गेलो तेच्यात माझो वाटो आसा. भिकू माझो माणूस होतो."

मी वाचून दाखवलं. विचारलं, काय बदलूचा आसा? म्हणाले, काही नाही. सही केली.

मला वाटलं झालं. मी यंत्रावर झाकण घालायला गेलो, तर त्यांनी बाजूचा कोरा कागद उचलून माझ्यापुढे सरकवला.

"आता तुजो लिव," दाजी म्हणाले.

मी कागद घातला. वर तारीख लिहिली. नाव, हुद्दा, राहणार मालवण. पुढे एक ओळ येईना. दाजी बसून राहिले. त्यांनी घाई केली नाही की रागावलेही नाहीत. दुपारची गाडी चुकेल म्हणून शेवटी मीच त्यांना स्टँडवर सोडून आलो. वाटेत ते म्हणाले, "होयात तेवा लिव. पण लिव." फणस आमच्याकडेच राहिला. त्या दिवशी मी तो खाल्ला.

तो कागद श्रावणापर्यंत यंत्रात तसाच होता. मग संपादकांचं पत्र आलं, फौजेतल्या अनुभवांवर लिहा म्हणून. त्याच कागदावर नावाखाली पुढची ओळ लिहिली, आणि हे इथपर्यंत आलं.

भिकू त्याच गावात आहे. दुसऱ्यांनी पाडलेले नारळ डाव्या हाताने गोळा करतो. मेजरने एकदा विचारलं असतं तर, दाजींनी न विचारता सांगितलं असतं तर, मी त्या शाळेत तोंड उघडलं असतं तर, यातलं एक जरी झालं असतं तर त्याला काहीतरी मिळालं असतं. निदान त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असतं. मेजरला त्याचा वाटा कुणी दाखवलाच नाही. दाजींनी आपला उचलला. उरलेला माझा.

अंक छापून आला की तो घेऊन मी भिकूकडे जाणार आहे. हे सगळं त्याला मालवणीत वाचून दाखवायचं, फणसासकट, आणि शेवटी विचारायचं, काय बदलूचा आसा? दिवाळीत फणस नसतो. तोंडानेच सांगावं लागेल.